शिकाऊंनी शिकायचे कुठे?

१९२९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात चाळीसगावला झालेला टांग्याचा अपघात आपल्या समाजातील जाणत्यांना ठाऊक आहे. मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले होते. सामाजिक बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करून परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातील मंडळींनी त्यांना आग्रहाने मुक्कामाला थांबवून घेतले. स्टेशनपासून वस्ती दोन मैलांवर. बाबासाहेबांना तासभर स्टेशनवर ताटकळावे लागले, कारण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकायचा तुमच्याच माणसाने. वस्तीतल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याने त्यापूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच लिखाणात त्यांच्या लहानपणीची, कोरेगावच्या प्रवासाची हकीकतही आहे. तिथे गाडीवानाने दुप्पट भाडे ठरवून घेतले आणि बैलगाडी मात्र त्या लहान मुलांनाच हाकायला लावली.

आम्ही वकिलीच्या व्यवसायात असल्यामुळे ही हकीकत वाचताना आमच्या मनात एक प्रश्न नेहमी येतो. आजच्या कायद्याखाली चाळीसगावचा खटला उभा राहिला असता, तर आरोपी कोण झाला असता? लगाम धरणारा तो माणूस. विनापरवाना, निष्काळजीपणे वाहन चालवून दुसऱ्याला जबर दुखापत. त्याला हाकायला शिकू न देणाऱ्या व्यवस्थेचे नाव दोषारोपपत्रात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे आमच्याकडे आलेले एक प्रकरण. एका तालुक्याच्या गावी, वस्तीतला साडेसतरा वर्षांचा मुलगा मामाची मोटारसायकल घेऊन बारावीच्या जादा तासाला गेला. सकाळची एसटी त्या दिवशी आली नव्हती. (ती आठवड्यातून किती दिवस येते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) नाक्यावर पोलिसांनी अडवले, वय विचारले आणि गाडी ठाण्यात लावली. अपघात नाही, कुणाला खरचटलेले नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई आमच्याकडे आली. रोजंदारीवर कांदा काढायला जाणारी बाई. जय भीम घालून बसली आणि म्हणाली, “साहेब, पंचवीस हजार म्हणत्यात. मी तर गाडीला हातबी लावला नाही. मला का बोलावलं?”

तिला का बोलावले हे समजून घेतले पाहिजे. कारण कायदा बदलला, पण तो बदलल्याची बातमी आपल्या वस्त्यांपर्यंत पोचली ती पावतीपुस्तकातूनच.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या कलम ४ प्रमाणे मोटारसायकल चालवायला वयाची अठरा वर्षे पूर्ण हवीत. जुन्या तरतुदीनुसार लायसन्स नसताना वाहन चालवले तर कलम १८१ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होती, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली एक हजारापर्यंत दंड होता. २०१९ साली संसदेने दुरुस्ती केली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून दंडाचे आकडे फिरले. पाचशेचे पाच हजार झाले. महाराष्ट्र सरकारने त्या वेळी वाढीव दंडाची जागेवरची वसुली लोकांच्या रोषाच्या भीतीने रोखून धरली होती, पण डिसेंबर २०२१ मध्ये तीही लागू झाली.

याच दुरुस्तीने कलम १९९अ हे नवे कलम आणले. अल्पवयीनाने या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत ना शिकाऊ लायसन्स, ना पक्के.

पालकाला बचाव आहे. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली, किंवा त्याला रोखण्यासाठी आपण शक्य ती सर्व दक्षता घेतली, हे त्याने सिद्ध करायचे. गृहीतक उलटे आहे. पालकाची संमती होती असे न्यायालय धरून चालणार. बंगल्यात राहणाऱ्या बापाला गॅरेजचे कुलूप दाखवता येते, पगारी ड्रायव्हर साक्षीला उभा करता येतो. एका खोलीच्या घरात, दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाच्या गाडीची किल्ली खिळ्याला टांगलेली असते. पहाटे पाचला कांद्याच्या शेतावर गेलेल्या बाईने दक्षता घेतली होती हे कुठल्या पुराव्याने सांगायचे?

आमचा गैरसमज करून घेऊ नये. अल्पवयीन मुलांच्या हाती गाडी देऊ नये, या मताचे आम्ही आहोत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. शंभरात चव्वेचाळीसहून अधिक. ही केंद्र सरकारची स्वतःची आकडेवारी आहे. या मेलेल्यांच्या जाती सरकार मोजत नाही. पण दुचाकी हे कुणाचे वाहन आहे हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. सेंट्रिंगवाला, रंगारी, कंत्राटी सफाई कामगार, घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा, हे सगळे दुचाकीवर आहेत. तेव्हा कडक कायदा हवा असेल तर तो सर्वांत आधी आम्हालाच हवा आहे. आमची तक्रार कडकपणाबद्दल नाही. शिक्षा पंचवीसपट करताना शिकण्याची सोय एक पैशानेही वाढवली नाही, ही तक्रार आहे.

पंचवीस वर्षांपर्यंतच्या बंदीचेच पाहा. कागदावर ती श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच आहे. श्रीमंताचा मुलगा तोवर मागच्या सीटवर बसेल. आमच्या अशिलाचा मुलगा बारावीनंतर कुठल्या कामाला लागणार होता? पार्सल पोचवण्याच्या, नाहीतर टेम्पोवर. गावातल्या अल्पशिक्षित तरुणाला आज जी थोडीबहुत कामे मिळतात, त्यांतल्या निम्म्या कामांना पहिला प्रश्न विचारतात तो “लायसन्स आहे का?” हाच. एका सकाळच्या चुकीसाठी साडेसात वर्षांची बेकारी. चोरीच्या पहिल्या गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीनाला बालन्याय कायदा पूर्वायुष्य पुसून नवी सुरुवात करू देतो, मग लायसन्सविना गाडी चालवलेल्याला ही सवलत का असू नये?

त्यातच याच कलमाने ठेवलेली पळवाट बघा. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्के लायसन्स असेल आणि त्या लायसन्समध्ये बसणारीच गाडी तो चालवत असेल, तर पालक सुटतो. सोळा वर्षांच्या मुलाला लायसन्स मिळते का? मिळते. पालकाची लेखी संमती असेल तर, बिनगिअरच्या आणि पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीचे. आता आम्हाला कुणी सांगावे, की पन्नास सीसीची नवी गाडी आज कुठल्या शोरूममध्ये उभी आहे? लुना रस्त्यावर होती तेव्हा या तरतुदीला अर्थ होता. आज स्वस्तातली स्वस्त स्कूटरही पन्नास सीसीच्या पुढे. म्हणजे कायद्याने दार ठेवले आहे, पण त्या दारातून जाईल अशी गाडी बाजारात उरलेली नाही. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, अडीचशे वॉटपेक्षा कमी ताकदीची विजेवरची गाडी मोटार वाहनाच्या व्याख्येतच येत नाही, तिला लायसन्स लागत नाही. पण तिची किंमत आणि आमच्या वस्तीतले भारनियमन यांचा मेळ अजून बसायचा आहे.

आणि जिथे हे कलम खरोखर आठवायला हवे होते, तिथे काय घडले? १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या, नोंदणीदेखील न झालेल्या महागड्या मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत जामीन, आणि अट काय, तर तीनशे शब्दांचा निबंध. देशभर ओरड झाली तेव्हा यंत्रणा हलली, आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक करण्याची वेळ आली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. आम्ही फक्त एवढेच नोंदवतो, की आमच्या अशिलाच्या मुलाला निबंध लिहायला कुणी सांगितले नाही.

बरे, मुलगा अठराचा झाला. रीतसर शिकायचे म्हणतो. नियम काय सांगतात? शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचे. ते मिळून किमान तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. शिकताना सोबत लायसन्सधारक शिक्षक हवा, आणि तो गाडी आवरता किंवा थांबवता येईल अशा जागी बसलेला हवा. मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून ब्रेक कसा मारायचा, हे नियम करणाऱ्याने सांगितलेले नाही! गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर तांबडे ‘एल’ अक्षर हवे. पाटी अठरा सेंटिमीटर चौरस, अक्षर दहा सेंटिमीटर उंच. शिक्षकाखेरीज मागे कुणालाही बसवायचे नाही.

या नियमांत वाईट काही नाही. पण शिक्षक कुठला? आपल्याकडच्या बहुतेक ड्रायव्हिंग स्कूल चारचाकी शिकवतात. दुचाकी शिकवतो तो थोरला भाऊ, नाहीतर दोस्त. जागा कुठली? शहरात मैदान उरले नाही. गावात मैदान आहे, पण ते कुणाच्या आळीला लागून आहे आणि तिथे आमचा पोरगा गाडीवर चार फेऱ्या मारू लागला तर कुणाच्या डोळ्यात खुपते, हेही पाहावे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात एका दलित महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या हातांवर शस्त्राने वार झाले. आमच्यासमोर बुलेट चालवतोस काय, असे म्हणत सवर्ण तरुणांनी हल्ला केला, अशी तक्रार आहे. वार झाले ते हँडल धरणाऱ्या हातांवर. घोड्यावर बसलेला नवरदेव ज्यांना सोसत नाही, त्यांना गाडीवरचा विद्यार्थी कसा सोसावा? तेव्हा आमचे पोरगे शिकते ते भर हमरस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत, आणि बहुधा अंधार पडल्यावर.

मैदान नसण्याच्या या दुखण्यावर केंद्राने काढलेला उपाय आणखी वेगळा. ७ जून २०२१ च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना आली आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाली. अशा केंद्रातून अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र आणणाऱ्याला आरटीओच्या मैदानावरची चाचणी माफ. (२०२४ मध्ये ‘आता आरटीओची चाचणीच बंद’ अशी आवई उठली होती. ती खोटी. ज्याच्याकडे हे प्रमाणपत्र नाही, त्याला चाचणी आहेच.) केंद्र काढायचे तर अटी काय? दुचाकी, तीनचाकी आणि हलक्या मोटारींसाठी किमान एक एकर जमीन, अवजड वाहनांसाठी दोन एकर. प्रशिक्षक किमान बारावी पास आणि पाच वर्षांचा चालवण्याचा अनुभव असलेला.

एक एकर! ज्या समाजाला एक एकरासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह करून तुरुंग भरावे लागले, त्या समाजातला कोण हे केंद्र काढणार? केंद्र निघेल ते ज्याच्याकडे जमीन आहे त्याचे. फी ठरवील तो तोच. प्रशिक्षकाच्या अटीचीही गंमत आहे. व्यावसायिक वाहन चालवण्यासाठी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये सरकारने काढून टाकली, आणि ते योग्यच केले. पण वीस वर्षे बिनअपघात ट्रक चालवलेला आमच्या वस्तीतला नववी नापास चालक या केंद्रात शिकवू शकणार नाही. शिक्षणाच्या अटीला आम्ही विरोध करणे शोभणार नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याने हात तयार केले त्याचा अनुभव मोजणारी एखादी परीक्षा ठेवता आली असती.

संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाखाली नागरिकांचे वर्गीकरण करता येते, पण त्या वर्गीकरणाचा कायद्याच्या हेतूशी संबंध असावा लागतो, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. लायसन्सच्या चाचणीचा हेतू एकच, माणसाला सुरक्षित चालवता येते की नाही हे तपासणे. ते तपासायचे काम पैसे घेणाऱ्या शिकवणाऱ्याकडेच सोपवायचे, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने मात्र निरीक्षकासमोर मैदानात आठ काढून दाखवायचा. नापास झाला तर सात दिवसांनी पुन्हा, तीनदा नापास झाला तर साठ दिवस थांबायचे. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणावर रोज बोटे मोडणाऱ्यांनी पैशाच्या जोरावर मिळणाऱ्या या आरक्षणाबद्दल मात्र तोंड उघडलेले नाही.

घरबसल्या शिकाऊ लायसन्सचेही तसेच. २०२१ पासून आधार क्रमांकावर, आरटीओत न जाता, संगणकावर परीक्षा देऊन ते मिळते. फेऱ्या वाचल्या, रोजगार बुडणे वाचले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण आधारला मोबाइल जोडलेला हवा, आणि ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणाऱ्या घरात नंबर दर हंगामाला बदलतो. मग पोरगा जातो तालुक्याच्या एजंटाकडे. सरकारी फी शिकाऊ लायसन्सला एका वर्गासाठी दीडशे आणि परीक्षेचे पन्नास, पुढे पक्क्याच्या चाचणीला तीनशे आणि लायसन्सचे दोनशे, असे मिळून सातशेच्या आसपास. एजंटाचा आकडा वेगळा. त्या आकड्यात प्रश्नांची उत्तरेही तोच देऊन टाकतो. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की झाले. मुलाच्या हाती लायसन्स येते, पण रस्त्यावरच्या खुणांचा अर्थ त्याला कुणी शिकवलेला नसतो. फसवणूक एजंट करतो, आणि मरतो मुलगा.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आमच्याच बांधवांना माहीत नसते. शिकाऊ लायसन्स हे कायद्याच्या नजरेत लायसन्सच आहे. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंग या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालकाकडे केवळ शिकाऊ लायसन्स होते म्हणून विमा कंपनीला हात झटकता येणार नाहीत. पण मुळीच लायसन्स नसेल, तर जखमीला भरपाई आधी विमा कंपनी देते आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करते. अशा वसुलीत गाडीमालकाचे घर लिलावाला निघते, आणि गाडीचे हप्ते तरीही चालूच राहतात. गाडी घेताना पंधरा लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा घेतला जातो, तोही मालकाकडे वैध लायसन्स नसेल तर उपयोगी पडत नाही. दोनशे रुपयांच्या कागदावाचून घरे बुडालेली आम्ही पाहिली आहेत.

म्हणून दोन शब्द आपल्या तरुणांनाही. १४ एप्रिलच्या रॅलीत निळा झेंडा लावलेल्या एका गाडीवर तिघे-चौघे, डोक्याला हेल्मेट नाही, हे दृश्य आम्ही दरवर्षी पाहतो आणि आम्हाला ते आवडत नाही. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मेले. ज्या महामानवाने आयुष्यभर कायद्याचा अभ्यास केला, त्याच्या जयंतीला कायदा मोडून त्याचा जयजयकार कसा होतो? आणि पोलिसांनी नेमकी आपलीच रॅली अडवली, अशी तक्रार आमच्याकडे घेऊन येताना खिशात लायसन्स असेल तर आम्हालाही जोरात बोलता येते.

सरकारकडे आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. आरटीओची शिबिर कार्यालये तालुक्याला भरतातच. ती महिन्यातून एकदा मागासवर्गीय वस्त्यांत आणि वसतिगृहांत भरवावीत. जिल्हा परिषद शाळांची मैदाने रविवारी शिकाऊंसाठी खुली करावीत. अनुसूचित जाती घटक योजनेचा निधी इकडेतिकडे वळवला जातो, त्यातून बार्टीसारख्या संस्थेमार्फत दुचाकी प्रशिक्षण मोफत द्यावे. आणि कलम १९९अ मधली पंचवीस वर्षांची बंदी, जिथे अपघात नाही, कुणाला इजा नाही, तिथे प्रशिक्षण पूर्ण करण्याच्या अटीवर शिथिल करण्याचा अधिकार न्यायालयाला द्यावा. दुरुस्ती एका वाक्याची आहे. आपल्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांनी ती मांडायला हरकत नसावी.

कांदा काढणाऱ्या त्या बाईच्या प्रकरणात तारखा चालू आहेत. गाडी मामाची, म्हणजे मालक वेगळा आणि पालक वेगळी. दोघांपैकी कुणावर आणि कशाच्या आधारे खटला, हा मुद्दा आम्ही मांडला आहे. त्या दिवशी एसटी आली नव्हती, याची आगाराच्या नोंदवहीची नक्कलही मागवली आहे. दरम्यान आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर शिकाऊ लायसन्सचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही वकील मंडळींनी सुरू केले आहे. वस्तीतलेच एक निवृत्त एसटी चालक रस्त्याच्या खुणा शिकवतात, परीक्षा ज्याची त्यानेच द्यायची. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणावा. सरकारी फीखेरीज एक पैसाही लागत नाही.